पुस्तकांची लेबलं आणि लिबहार्फबझ.एसओ.०: प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

वाचनालयाच्या पीसीवर पहिली चाचणी, आणि पहिलाच फज्जा. मी लिहिलेला लेबल छापणारा प्रोग्रॅम घरच्या पीसीवर, डेबियन १२ या लिनक्सवर, महिनाभर मुकाट चालतोय. पुस्तकाचं नाव, वर्गांक, लेखक, सगळं देवनागरीत, पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या मापात. जोडाक्षरं हार्फबझ जुळवतं, चित्र कैरो काढतं; दोन्ही लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचे संच. पेनड्राइव्हवर ती एक फाइल घेऊन गेलो, ताईंनी चहा सांगितला, आणि टर्मिनलवर हे आलं:

./लेबल: लिबसी.एसओ.६: व्हर्जन जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय ./लेबल

"दादा, आमच्या पीसीचं काही बिघडलं का?"

"नाही हो ताई, माझंच चुकलंय. पुढच्या शनिवारी येतो."

तिथे उबुंटू २०.०४ आहे. अपग्रेड करायचा नाही, कारण पुस्तकनोंदणीचं सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलं त्यांनी "हात लावू नका" असं बजावून ठेवलंय. ठीक.

रात्री घरी ऑब्जडंपने प्रोग्रॅमच्या आत बघितलं. २.३४ चा शिक्का (फंक्शनच्या नावाला चिकटलेली आवृत्तीची खूण) असलेलं एकच नाव सापडलं: लिबसी_स्टार्ट_मेन. हे मी कुठे बोलावलेलंच नाही! मग एक रिकामं मेन लिहिलं, आत फक्त रिटर्न शून्य, तेही कंपाइल केलं. त्यातही तोच शिक्का. म्हणजे माझ्या कोडचा काही दोष नाही. ग्लिबसीने, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीने, २.३४ मध्ये, ऑगस्ट २०२१ ला, प्रोग्रॅम सुरू करून देण्याची पद्धत बदलली आणि त्या फंक्शनला नवा शिक्का दिला. त्यानंतरच्या ग्लिबसीवर जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम, अगदी रिकामासुद्धा, २.३४ च मागतो. वाचनालयात ग्लिबसी २.३१.

इथे एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुन्हा विसरेन. लोडरला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी शोधून चढवणाऱ्याला, फाइल सापडली होती. लिबसी.एसओ.६ हे नाव १९९७ च्या ग्लिबसी २ पासून तेच आहे, त्यामुळे नावाने शोध घेतला की हमखास सापडतं. अडलं ते पुढच्या पायरीला. प्रोग्रॅमच्या आत एक यादी असते: अमुक लायब्ररीकडून मला अमुक अमुक शिक्के हवेत. लायब्ररीच्या आत तिची स्वतःची यादी असते: माझ्याकडे हे हे शिक्के आहेत. मेनपर्यंत पोचायच्या आधीच लोडर दोन्ही याद्या ताडून बघतो. जुळलं नाही की तिथेच थांबतो.

२ जून, रविवार

पॉडमॅनमध्ये उबुंटू २०.०४ चा कंटेनर, म्हणजे माझ्याच पीसीत एक वेगळं उबुंटू, उभा केला. यापुढे जोडणी इथेच. लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेला कोड लायब्ररींशी जोडणाऱ्याला, "जुन्या ग्लिबसीसाठी बनव" असं सांगायचा सरळ पर्याय नाही. समोर जी लायब्ररी असेल तिच्यातला चालू शिक्का तो उचलतो. म्हणून समोरच जुनी ठेवायची.

पहिल्याच जोडणीत लिंकर म्हणाला, कॅनॉट फाइंड -एलहार्फबझ. आणि हार्फबझ तर समोर दिसतंय! पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीची साधनं चाचणीसाठी घातली होती, त्यांच्याबरोबर ते आलंय. एलएस केलं तर लिबहार्फबझ.एसओ.० ही लिंक आहे, ती जिच्याकडे बोट दाखवते ती लांब आकड्यांची खरी फाइल आहे. नाही ते फक्त बिनआकड्याचं लिबहार्फबझ.एसओ.

एका लायब्ररीला तीन नावं असतात आणि तिन्ही वेगवेगळ्यांसाठी असतात. बिनआकड्याचं नाव फक्त जोडणीच्या वेळच्या लिंकरसाठी. छोट्या एलपुढे (वरच्या एररमधला -एल) हार्फबझ लिहिलं की तो प्रत्येक फोल्डरमध्ये आधी लिबहार्फबझ.एसओ शोधतो, नसेल तर लिबहार्फबझ.ए. आकडा असलेलं नाव शेजारी पडलेलं असलं तरी तो त्याकडे ढुंकून बघत नाही. मधलं नाव, .एसओ.० वालं, लोडरसाठी. त्याला सोनेम म्हणतात आणि ते लायब्ररीच्या पोटात लिहिलेलं असतं. तिसरं नाव खऱ्या फाइलचं. एलडीकॉन्फिग ही आज्ञा मधल्या नावाची लिंक तयार करते, पण बिनआकड्याची लिंक डेव्ह (प्रोग्रॅम बांधणाऱ्यांसाठीच्या) पॅकेजबरोबर येते. तर डेव्ह पॅकेज घातलं, मिटलं.

छोट्या एलनंतर विसर्गासारखी दोन टिंबं देऊन पूर्ण फाइलचं नावही सांगता येतं. एकदा करून बघितलं, चालतं. पण हेडर फाइली तरीही डेव्हमधूनच घ्याव्या लागतात, मग उपयोग काय.

आकड्यांचं एक कोडं मात्र आज सुटलं. कैरोच्या मागून फॉन्ट वाचणारं फ्रीटाइप येतं, आवृत्ती २.१०.१, आणि फाइलचं नाव लिबफ्रीटाइप.एसओ.६.१७.१. हे ६.१७.१ कुठून आलं? फ्रीटाइपचे लिबटूलचे (लायब्ररी बांधायच्या साधनाचे) आकडे २३:१:१७. पहिला आकडा इंटरफेसची कितवी पिढी, दुसरा किरकोळ दुरुस्ती, तिसरा किती मागच्या पिढ्यांना अजून सांभाळून घेतो ते. २३ वजा १७ बरोबर ६, हा सोनेम. मग १७, मग १. म्हणजे गेल्या सतरा पिढ्यांत काहीही काढून टाकलेलं नाही, नुसती भर घातली आहे. पॅकेजची आवृत्ती आणि सोनेम यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही; तो असतोच, असं मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं.

३ जून, सोमवार

ऑफिसनंतर तासभर. उबुंटू २०.०४ चं हार्फबझ २.६.४. लेखकाचं नाव तिरकं छापण्यासाठी मी एचबी_फॉन्ट_सेट_सिंथेटिक_स्लँट वापरतो, कारण देवनागरी फॉन्टला तिरका भाऊ सहसा नसतोच. ते फंक्शन ३.३.० मध्ये आलं. म्हणून हार्फबझ ८.३.० चा सोर्स आणून /ऑप्ट/लेबल मध्ये बांधला. उबुंटूतला मेसन (बांधणीचं साधन) जुना पडला, नवा पिपने घेतला. पावसाची पहिली सर आणि लगेच वीज गेली. उरलेलं परवा.

५ जून, बुधवार

मोठ्या एलने, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या पर्यायाने, लिंकरला /ऑप्ट/लेबल/लिब दाखवलं. एकही तक्रार न करता जोडणी झाली. चालवलं:

./लेबल: सिंबल लुकअप एरर: अनडिफाइंड सिंबल: एचबी_फॉन्ट_सेट_सिंथेटिक_स्लँट

पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. आत्ता तर याच फंक्शनसकट जोडलं!

रीडएल्फने प्रोग्रॅमचं पोट उघडून बघितलं. लागणाऱ्या लायब्ररींच्या "नीडेड" ओळीत फक्त लिबहार्फबझ.एसओ.० एवढंच. ना फोल्डर, ना ८.३.०. मोठा एल हा जोडणीपुरता असतो. लिंकरने नवी फाइल उघडली, तिच्यात फंक्शन आहे याची खात्री केली, तिच्या पोटातला सोनेम वाचला आणि तेवढाच माझ्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतला. पत्ता फेकून दिला. चालवताना लोडरने तो सोनेम कॅशमध्ये (सिस्टिममधल्या लायब्ररींच्या तयार यादीत) शोधला, तिथे उबुंटूचं २.६.४ मिळालं, त्याचाही सोनेम शून्यच. नाव तेच, माल वेगळा.

हार्फबझने सोनेम आजवर शून्यावरून हलवलेला नाही, आणि ते वावगं नाही, कारण ते जुनं काही मोडत नाहीत. पण सोनेमची हमी एकाच दिशेची आहे. जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालेल, एवढंच. नवा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालेल असं तो कधी म्हणतच नाही. शनिवारी ग्लिबसीने ही उलटी बाजू शिक्क्यांनी पकडली. हार्फबझच्या फंक्शनांना शिक्के नाहीत, म्हणून लोडरने आनंदाने जुनं २.६.४ चढवलं आणि प्रत्यक्ष नाव शोधायची वेळ आल्यावर हात वर केले.

"वेळ आल्यावर" म्हणजे कधी, हेही बघितलं. उबुंटूचं जीसीसी आपणहून सगळी नावं सुरुवातीलाच जुळवायला लावतं, म्हणून वरचा प्रोग्रॅम चालू होतानाच मेला. लेझी, म्हणजे नाव गरज पडेल तेव्हाच जुळवायचा, पर्याय देऊन पुन्हा जोडला. आता चालू झाला! टर्मिनलवर पुस्तकाचं नाव आलं, वर्गांक आला, आणि लेखकाच्या ओळीला त्याच एररने कोसळला. हे जास्त वाईट. एखाद्या पुस्तकाच्या नोंदीत लेखकच नसता तर लेबल व्यवस्थित छापून निघालं असतं आणि मी "झालं काम" म्हणून घरी आलो असतो. लेझी काढून टाकलं.

६ जून, गुरुवार

एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लोडरने लायब्ररी कुठे शोधावी ते सांगणारा व्हेरिएबल, एक्सपोर्ट करून चाललं, पण ते ठेवणार नाही. माझा प्रोग्रॅम लेबल दाखवायला चित्र बघण्याचं अ‍ॅप उघडतो. त्यालाही तोच पाथ वारशाने मिळतो आणि माझं हार्फबझ त्याच्या गळ्यात पडतं. पाहुण्याने स्वतःच्या मसाल्याचा डबा आणावा आणि यजमानाच्या आमटीतही तोच घालावा, तसं.

म्हणून पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहायचा: आरपाथ, डॉलर ओरिजिनसकट, म्हणजे "मी जिथे आहे तिथून शेजारच्या लिबमध्ये बघ". मेकफाइलमध्ये (मेकला द्यायच्या बांधणीच्या आज्ञांमध्ये) लिहिलं, जोडलं, चालेना. रीडएल्फ म्हणतो:

रनपाथ: रिजिन/../लिब

मेकने डॉलर आणि त्यापुढचा ओ मिळून एक व्हेरिएबल समजलं. ते रिकामं होतं, म्हणून गिळून टाकलं. दोन डॉलर हवेत, आणि बाहेरून एकेरी अवतरण, नाहीतर मेकच्या तावडीतून सुटलेलं शेलच्या तावडीत सापडतं. या एका अक्षरात पाऊण तास गेला.

८ जून, शनिवार

वाचनालयात गेलो नाही, ताईंना फोन करून आठवडा मागून घेतला. कारण मध्येच एका मित्राने हेच लेबल काढणं पायथनमधून हवं म्हणून सांगितलं. त्याच्यासाठी चित्र काढणारा भाग लिबलेबल म्हणून वेगळा केला. प्रोग्रॅम आता लिबलेबलला बोलावतो, लिबलेबल हार्फबझला.

यात तीनदा आपटलो.

पहिलं माझ्या आळसाचं. सोनेम द्यायचा विसरलो, आणि जोडताना छोटा एल न वापरता थेट बिल्ड/लिबलेबल.एसओ असा पत्ता लिहिला. पोटात सोनेम नसेल तर लिंकर आपण दिलेलं नाव जसंच्या तसं उतरवतो. नीडेडमध्ये बिल्ड/लिबलेबल.एसओ गेलं. नावात तिरकी रेघ असली की लोडर फोल्डरं शोधतच नाही, तो सरळ पत्ता समजतो. परिणाम असा की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं तर चालतं, एक पायरी वर गेलं की "फाइल नाही". सोनेम लिबलेबल.एसओ.१ दिला.

दुसरं जोडणीच्या वेळी. प्रोग्रॅमला फक्त लिबलेबल जोडतोय, तरी लिंकरची तक्रार: लिबलेबलमधल्या सिंथेटिक_स्लँटचा पत्ता नाही. लिंकर लिबलेबलच्या नीडेडमध्ये डोकावतो आणि तिथला लिबहार्फबझ.एसओ.० स्वतः शोधायला निघतो, सगळं पुरं पडतंय ना हे बघायला. हा शोध छोट्या एलच्या शोधासारखा नाही. इथे तो आकड्यासकट सोनेम शोधतो, आणि मोठ्या एलने दाखवलेली फोल्डरं या शोधात धरतच नाही! आरपाथ-लिंकने दिलेली फोल्डरं आधी, मग आरपाथची, आणि शेवटी सिस्टिमची नेहमीची. त्याला सिस्टिमचं २.६.४ सापडलं. आरपाथ-लिंकमध्ये /ऑप्ट/लेबल/लिब दिलं, गप्प झाला. आरपाथ-लिंक नुसता जोडणीपुरता असतो, फाइलीत काही लिहीत नाही.

तिसरं चालवताना. पुन्हा तेच सिंबल लुकअप एरर. एलडी_डीबग=लिब्स लावलं तेव्हा लोडर काय काय करतो ते ओळीने दिसलं. लिबलेबल.एसओ.१ साठी माझ्या रनपाथमध्ये गेला, सापडलं. लिबहार्फबझ.एसओ.० साठी मात्र तिकडे फिरकलाच नाही. "सर्च कॅश" असं म्हणत सरळ कॅशकडे वळला आणि तिथलं सिस्टिमचं उचललं. कारण ते मागणारं होतं लिबलेबल, आणि लिबलेबलच्या पोटात रनपाथ नव्हता. प्रोग्रॅमचा रनपाथ त्याच्या थेट नीडेडपुरताच असतो, नातवंडांना लागू नाही. जुना आरपाथ खालपर्यंत सगळ्यांना लागू असे, आणि तो एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी बघितला जाई. रनपाथ त्याच्या नंतर. उबुंटूचा लिंकर आरपाथ सांगितला तरी रनपाथच लिहितो. जुना प्रकार मागून घेता येतो, पण मी लिबलेबललाच स्वतःचं डॉलर ओरिजिन दिलं. ज्याची गरज त्याच्या पोटात पत्ता.

चाललं. तिरका लेखक दिसला.

९ जून, रविवार

आज खरं तर काम नव्हतं, हौस होती. लिबलेबलला शिक्के मारायचे.

व्हर्जन स्क्रिप्ट म्हणजे चार ओळींची फाइल. लेबल_१ नावाचा कंस, त्यात बाहेरच्यांसाठीची फंक्शनं, खाली "लोकल" आणि तारा, म्हणजे बाकी सगळं आतल्या आत. नंतर बारकोड काढणारं फंक्शन घातलं, त्याला लेबल_२ चा कंस. मग मुद्दाम नवा प्रोग्रॅम जुन्या लिबलेबलवर चालवला. सुरुवातीलाच: व्हर्जन लेबल_२ नॉट फाउंड. बुधवारी हार्फबझने जे अर्ध्या वाटेत केलं, ते इथे दारातच झालं. ही एरर बघून बरं वाटावं असा मी पहिलाच असेन.

अजून एक करून बघितलं: स्क्रिप्टशिवाय बांधलेलं लिबलेबल ठेवलं आणि वर तोच शिक्के मागणारा प्रोग्रॅम चालवला. लोडर "नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल" एवढं कुरकुरतो आणि पुढे चालतो! म्हणजे लायब्ररीकडे शिक्क्यांची यादी आहे पण हवा तो नाही, तर नापास; यादीच नाही, तर सूट. मला हे उलटं वाटतं, पण शिक्के नसलेल्या जुन्या लायब्ररी चालत राहाव्यात म्हणून असणार.

शिक्क्यांचा खरा कस लागतो तो एकाच नावाचं वागणं बदलतं तेव्हा. मेमसीपीवाय, म्हणजे मेमरीतल्या एका जागेतून दुसरीकडे कॉपी करणारं फंक्शन, घ्या. एकमेकांवर चढलेल्या जागा तिला देऊ नयेत हा नियम पहिल्यापासून होता, पण जुन्या अंमलबजावणीत बहुतेक वेळा ते खपून जाई. २०१० मध्ये फेडोरा १४ वर नवी, वेगवान मेमसीपीवाय आली आणि अडोबीच्या फ्लॅशमधला आवाज खरखरू लागला. फ्लॅश नेमका तो नियम मोडत होता. पुढे २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये, ६४ बिट इंटेलवर, एकाच लिबसीत दोन मेमसीपीवाय ठेवल्या: २.२.५ शिक्क्याची आणि २.१४ शिक्क्याची. जुने प्रोग्रॅम २.२.५ मागतात, त्यांना चढलेल्या जागाही सांभाळणारी मिळते. नव्याने जोडणाऱ्याला २.१४. यादीत एका नावापुढे एक अ‍ॅट असतो, दुसऱ्यापुढे दोन. दोन अ‍ॅटवालं ते चालू, लिंकर तेच उचलतो. माझ्या कंटेनरमधल्या प्रोग्रॅममध्येही मेमसीपीवाय २.१४ चीच आहे. पहिल्या शनिवारच्या लिबसी_स्टार्ट_मेनचं कोडंही याच दोन अ‍ॅटमध्ये होतं.

१५ जून, शनिवार

वाचनालय. फोल्डर कॉपी केला, टर्मिनल उघडलं, चालवलं.

लिबझेड.एसओ.१: व्हर्जन झेडएलआयबी_१.२.९ नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय लिबपीएनजी१६.एसओ.१६

हे नवीनच! लिबपीएनजी (पीएनजी चित्रांची लायब्ररी) सिस्टिमचं, त्याला लागणारं झेडलिबही सिस्टिमचं असायला हवं, आणि उबुंटू २०.०४ वर ते १.२.११ आहे. त्याच पीसीवर चित्रं तर सगळी उघडतायत.

"दादा, हे आमचं नोंदणीचं सॉफ्टवेअर मात्र रोज चालतं हं."

ताईंनी अनवधानाने उत्तरच दिलं. एररमध्ये लिबझेडचा पूर्ण पत्ता होता (वर मी तो गाळलाय), आणि तो त्याच सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधला. त्याच्या इन्स्टॉलरने वापरकर्त्याच्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की चालणाऱ्या फाइलीत) एलडी_लायब्ररी_पाथ घालून ठेवलाय, आणि त्या फोल्डरमध्ये स्वतःचं फार जुनं झेडलिब आहे. डेस्कटॉपवरून उघडलेल्या अ‍ॅपना बॅशआरसी माहीत नसते म्हणून ती सुखात. टर्मिनलमधून निघणारा प्रत्येक जण मात्र आधी त्या फोल्डरमध्ये जातो. माझा रनपाथ इथे काय करणार? तो बघितला जातो एलडी_लायब्ररी_पाथच्या नंतर, आणि लिबझेड मागतंय लिबपीएनजी, मी नाहीच. निदान शिक्के होते म्हणून दारातच अडलं.

त्यांच्या बॅशआरसीला हात लावला नाही, वचन वचन असतं. एक छोटी स्क्रिप्ट केली, आधी तो व्हेरिएबल पुसते, मग माझा प्रोग्रॅम चालवते. डेस्कटॉपवर चिन्ह ठेवलं, "लेबल छापा". टर्मिनल, डेस्कटॉप, दोन्हीकडून चाललं. पहिलं पान छापलं, चोवीस लेबलं.

ताईंनी चष्मा वर करून बघितलं. "छान झालंय हो. फक्त हे लेखकाचं नाव तिरकं नको, लांबून वाचता येत नाही. सरळच करा."

१६ जून, रविवार

तिरकं काढलं. सिंथेटिक_स्लँट गेल्यावर ३.० च्या पुढचं हार्फबझमधलं काहीच उरलं नाही. अक्षरांच्या कडा मागणारं फंक्शनही त्या तिरक्या ओळीपुरतंच होतं. उबुंटूच्या २.६.४ वर सरळ जोडलं. मित्राला सांगितलं तर म्हणतो, "तिरकं करायला कैरोचं मॅट्रिक्स होतं की, एका ओळीचं काम." हे त्याने दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर.

/ऑप्ट/लेबल उडवलं. आरपाथ-लिंक काढला. लिबलेबलचा स्वतःचा रनपाथ काढला. प्रोग्रॅमचा ठेवला, कारण लिबलेबल.एसओ.१ शेजारच्या लिबमध्येच राहणार आहे. रीडएल्फने शेवटचं बघितलं: ओरिजिन, ओसकट.